तीळतेलाची साक्ष

अमळनेरला 1945 साली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' निघाली ती वनस्पती तूप करायला. पुढे तिची विप्रो झाली आणि ती सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरली. लोकांना ही केवढी उडी वाटते! मला मात्र दोन्ही धंद्यांचं दुखणं एकच दिसतं: भेसळ. वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचं तेल घालायची सरकारी सक्ती होती, ती काही चवीसाठी नव्हे. साजूक तुपात वनस्पती मिसळली असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल पडताच नमुना गुलाबी होऊन चहाडी करायचा. दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी निकाल प्रयोगशाळेचा. अ‍ॅपवाले मात्र अजून शपथांवरच चालतात.

फ्रिडा नावाचं फुकट मिळणारं साधन घ्या. फोन रूट केलेला, म्हणजे त्याचा पूर्ण ताबा मिळवलेला असला की ते चालत्या अ‍ॅपच्या पोटात शिरतं. समजा, 'पैसे भरा' या फंक्शनकडे 500 हे आर्ग्युमेंट निघालं आहे. पाचसहा ओळींची जावास्क्रिप्ट ते वाटेतच अडवते, 500 चा 1 करते आणि मूळ फंक्शनच्या हातात ठेवते. फंक्शन बिचारं इमानदार; ते इमानेइतबारे एक रुपया भरतं आणि वर धन्यवादही म्हणतं. यावर अ‍ॅपवाले म्हणतात, 'रूट केलेला फोन दिसला की आम्ही अ‍ॅप बंद पाडू.' पण तो ओळखणारंही फंक्शनच ना? त्याच्या 'हो'चं 'नाही' करायला कितीसा वेळ लागतो? बरं, साधनावरच बंदी घालावी, तर अ‍ॅपमधली भोकं शोधणारे सुरक्षा-तपासनीसही तेच वापरतात. आणि परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रणेत हात घालणाऱ्यासाठी 2000 चा माहिती तंत्रज्ञान कायदा आहेच. 'एवढी खटपट करणार कोण?' हा आक्षेप तर फारच भाबडा. एकाने केली की बदललेली एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाइल, संध्याकाळपर्यंत गावभर.

म्हणून अडथळे लावूच नयेत असं नाही. लावावेत, खटपट्याचा वेळ तरी जातो. पण हिशेब सर्व्हरवरच व्हावा. मुळात किंमत फोनने सांगायचीच कशाला? त्याने वस्तूचा क्रमांक आणि नग तेवढे कळवावेत, भाव सर्व्हरने स्वतःच्या नोंदीतून काढावा. नगही तपासून घ्यावेत. उणे तीन किलो शेव मागवणारा एखादा महाभाग निघायचा, आणि शेव न नेता वर पैसे मागायचा.