उपयुक्त साठा

शहापूरच्या बाजारपेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, घेणारं गिऱ्हाईक आणि चौकशी करणारं गिऱ्हाईक तो पायरीवरूनच ओळखतो. घेणारं दहा मिनिटांत खोकं उचलून निघतं. चौकशी करणारं चहा पितं, माहितीपत्रकाची घडी खिशात घालतं आणि "आलोच" म्हणून जातं, ते थेट पुढच्या सणाला उगवतं. तानसाचे तात्या या दुसऱ्या पंथाचे मठाधिपती.

तात्यांची उभी नोकरी मुंबई महापालिकेच्या जलखात्यात, तानसा धरणावर गेली. हे धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतंय. त्यातल्या तीसेक वर्षांचं पुण्य तात्या स्वतःच्या खात्यावर मांडतात. मुंबईचा पाहुणा आला की पाण्याचा तांब्या पुढे करताना "घ्या, तुमचंच आहे," असं म्हणायला ते चुकत नाहीत. निवृत्तीनंतर मोजायला धरण उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरातल्या वस्तू मोजायला घेतल्या. घरात आता माणसं दोनच, तात्या आणि काकू. मुलगा डोंबिवलीला, मुलगी नाशिकला.

प्रकरण सुरू झालं ते तात्यांच्या रक्ताच्या रिपोर्टवरून. कोलेस्टेरॉलचा आकडा पाहून डॉक्टर म्हणाले, तळलेलं कमी करा. काकूंनी त्याच संध्याकाळी कढई माळ्यावर टाकली. पुढे श्रावणात आळूवडी नुसतीच वाफवलेली पानात आली तेव्हा तात्या हादरले. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एअर फ्रायर घ्या. तीन-चार हजारांत बरा येतो. मीच मागवतो."

"मागवतोस काय? आधी बघू दे," तात्या म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला. 'बघू दे' म्हणजे वर्ष गेलं, हे त्यांना मिक्सरच्या वेळेपासून ठाऊक होतं.

तात्यांनी आधी यंत्राचं कूळ शोधलं. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते जगापुढे मांडलं, इथपासून सुरुवात. मग रचना. वर तापणारं वेटोळं, त्याच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली. गरम हवा जोरात फिरते आणि पदार्थ बाहेरून कोरडा, कुरकुरीत होतो. हे कळल्यावर तात्यांचा चेहरा पडला. "म्हणजे पंखा आणि शेगडी! दोन्ही आहेत की आपल्याकडे."

मग हिशेब. जुन्या डायरीच्या पानावर तात्यांनी मांडणी केली. महिन्याला अर्धा लिटर तेल वाचेल, लिटर दीडशे धरला तर ७५ रुपये. यंत्र ४,००० रुपयांचं. म्हणजे ते फिटणार चोपन्नाव्या महिन्यात, आणि वॉरंटी बारा महिन्यांची. शिवाय १४०० वॉटचं यंत्र वीस मिनिटं चाललं की जवळजवळ अर्धा युनिट जळतं. रोज लावलं तर महिन्याला चौदा. तात्यांचं बिल येतं ९२ युनिटांचं. त्यात चौदा मिळवले की महावितरणची शंभराची पायरी ओलांडली जाते आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. "हे यंत्र या जन्मात फिटत नाही," तात्यांनी निकाल दिला.

"आणि तुमचा रक्ताचा रिपोर्ट कितीला पडतो? तोही लिहा त्या पानावर," काकू आतून म्हणाल्या. तात्यांनी डायरी मिटली आणि आटगावहून कल्याणची गाडी पकडली.

दुकानदाराने चार यंत्रं मांडली. हा अडीच लिटरचा, हा चारचा, हा साडेचारचा, हा सहाचा. लिटर हा शब्द कानावर पडताच तात्यांच्या अंगात खातं संचारलं. तानसाचा साठा १,४५,०८० दशलक्ष लिटर, हे ज्या माणसाला झोपेत विचारलं तरी सांगता येतं, त्याच्यापुढे साडेचार लिटर!

"हा एकूण साठा झाला," तात्या म्हणाले. "यातला उपयुक्त साठा किती?"

दुकानदाराने असा प्रश्न जन्मात ऐकला नव्हता. पण प्रश्न खरा होता. धरणात तळाचं काही पाणी कायम अडकलेलं असतं, ते धरून चालत नाही. या यंत्रात उलटं, वरची जागा धरून चालत नाही. टोपली काठोकाठ भरली तर हवेला फिरायला वाट राहत नाही. वरचं करपतं आणि मधलं ओलंच राहतं. एका थरात जेवढं पसरेल तेवढाच एका वेळचा घाणा. म्हणून लिटर न बघता तळ बघायचा. तात्यांनी खिशातून दोरी काढून चारही टोपल्यांचे तळ मोजले. चार लिटरवाल्याच्या चौकोनी तळात दोन माणसांपुरत्या आळूवड्या बसतात, हे तिथेच ठरलं. अडीचवाल्यात तात्यांपुरत्या बसत होत्या. पण तो विचार त्यांनी बोलून दाखवला नाही.

पुढची तपासणी तात्यांच्या घराण्यातून आलेली. त्यांचे वडील पौषात मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेला बैल घ्यायला जात. दात बघितल्याशिवाय आणि चार पावलं चालवल्याशिवाय कासऱ्याला हात लावत नसत. तात्यांनीही यंत्राची टोपली ओढून-लोटून पाहिली, जाळीवरच्या लेपावरून बोट फिरवलं, आयएसआयची खूण शोधली, रिकामं यंत्र चालवून वास घेतला आणि पाठीला हात लावला. पडद्यावर बोट टेकवून चालणारं झगझगीत मॉडेल दुकानदाराने पुढे सरकवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आमच्याकडे पावसात वीज दिवसातून चारदा नाचते. तेव्हा हा पडदा काय करील?" दुकानदार गप्प. तात्यांनी गोल बटणांचं स्वस्त मॉडेल जवळ ओढलं. एक बटण तापमानाचं, एक मिनिटांचं. बिघडलं तर दुरुस्ती कुठे, सुटी टोपली मिळते का, हेही लिहून घेतलं.

शेवटचा प्रश्न त्यांनी आवाज खाली आणून विचारला. "कांदाभजी होतात?"

"सगळं होतं, काका!"

तात्यांचा विश्वास इथे उडाला. कढईत पीठ पडताक्षणी चारी बाजूंनी तेल त्याला धरतं, म्हणून भजी आकार घेते. हवा धरत नाही. सैल पीठ घट्ट व्हायच्या आधीच जाळीतून खाली टपकतं. "भजी होतात म्हणणारा दुकानदार उद्या पापडावर वॉरंटी देईल," असं म्हणून तात्या रिकाम्या हाताने गाडीत बसले.

गणपती गेले, दसरा गेला, दिवाळीतल्या सवलती गेल्या. म्हशाची जत्रा भरली आणि उठली. शेवटी डोंबिवलीच्या मुलाने कोणाला न विचारता खोकं पाठवून दिलं. उघडलं तर चार लिटरचं, चौकोनी तळाचं, गोल बटणांचंच निघालं. काकूंनी त्याला फोनवर तसं बजावलं होतं. तात्या नाराज झाले. यंत्र नेमकं मनासारखं होतं, त्यामुळे तक्रारीला जागाच उरली नव्हती. दोन दिवसांनी त्यांना ती सापडली: स्वयंपाकघरात सोळा अँपिअरचा प्लग नव्हता. वायरमन येईपर्यंत तात्यांचे दिवस पुन्हा आनंदात गेले.

आता त्या टोपलीत आळूवड्या होतात, रवा लावलेली सुरणाची कापं होतात, भेंडीच्या काचऱ्या होतात, नाचणीचे पापड होतात. सुके बोंबीलही होतात, फक्त त्या दिवशी सगळ्या आळीला कळतं. तात्यांनी तापमान आणि मिनिटं लिहायला वही घातली आहे. काकू त्या वहीकडे बघत नाहीत. नाकाने बघतात आणि वेळेवर टोपली ओढतात.

परवा शेजारचा नवा संसारवाला पोरगा विचारायला आला. "तात्या, आम्ही दोघंच आहोत. स्वस्तातला कुठला घेऊ?"

तात्यांनी चष्मा पुसला. "घाई करू नकोस. आधी वीजबिल आण. मग एक दोरी घे..."

"चार लिटरचा, पसरट तळाचा, गोल बटणांचा घे," काकू ओट्यावरून म्हणाल्या. "आधी जाड प्लग बसवून घे. आणि भजी खायची झाली तर इकडे या, कढई मी माळ्यावरून काढली आहे."

पोरगा निघालाही. तात्या वही घेऊन त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. "ती म्हणते ते बरोबर आहे रे, पण कारणं नकोत का समजून घ्यायला?"