बाकाचं माप

शाळेचा बाक कुणाच्या मापाने बनतो, याचं प्रामाणिक उत्तर 'ज्या टेम्पोतून तो येतो, त्या टेम्पोच्या' असं आहे. भिंगारला हे जास्त बोचतं, कारण शेजारीच लष्कराची छावणी. तिथे उंची-छाती मोजल्याशिवाय भरतीला आलेला पोरगा पुढे सरकत नाही, आणि रणगाड्यातही चालकाचं आसन वरखाली करता येतं. सातवीच्या वर्गात मात्र बाक ठरलेला; वरखाली व्हायचं ते मुलांनी.

शास्त्र तसं सोपं आहे. बसायच्या फळीची उंची गुडघ्यामागच्या खोबणीपासून तळव्यापर्यंत अंतर असतं तेवढी, किंवा किंचित कमी हवी. जास्त झाली की पाय लोंबकळतात आणि फळीची कड मांडीत रुतते. फार कमी झाली की गुडघे छातीशी येतात. डेस्क कोपराच्या पातळीला किंवा दोन बोटं वर. पाठही टेकलेली असावी म्हणतात, पण त्यासाठी मागे काहीतरी असावं लागतं.

घोळ घालतं ते मुलांचं वाढणं. मुली साधारण अकरा-बाराव्या वर्षी झपाट्याने उंच होतात, मुलगे दोनेक वर्षं मागून. त्यातही आधी पाय लांबतात, मग धड. एकाच वर्गात वीतभराचा फरक सहज सापडतो. शाळा उंच मुलांना मागे बसवते. त्याने फळा सगळ्यांना दिसतो, बाक होता तेवढाच राहतो.

खरी गंमत फळी आणि डेस्क यांच्यातल्या फटीची. झुरिचच्या डॉक्टर फारनर यांनी १८६५ मध्ये बजावलं की फट असली तर मूल लिहायला पुढे वाकतं. डेस्कची कड फळीवर थोडी आलेली बरी. पाठीला हे मानवतं, पण 'एक साथ नमस्ते'ला उभं राहता येत नाही. युरोपात म्हणून उचलत्या बैठकीचे बाक निघाले. आपल्या वेल्डरने फळी आणि डेस्क एकाच सांगाड्यात जोडून वाद मिटवला. तरी एका बाकावरच्या तिघांतला मधला अजून अर्धाच उठतो.

एका कामाला हा बाक सगळ्यांना नेमका बसायचा: गृहपाठ न केलेल्याला त्यावर उभं करायला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तेही गेलं. आता त्याचा कस लागतो पालकसभेला. सहा फुटी सुभेदारसाहेब पहिलीच्या बाकात शिरतात, गुडघे डेस्कखाली मावेनात म्हणून तिरके होतात, आणि आपला मुलगा वर्गात सारखी चुळबूळ करतो, ही बाईंची तक्रार चुळबुळत ऐकून घेतात.