लिंबू ठेवायला वाकलाच आहात, तर

कोल्हापुरात नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी अंबाबाईला, मग जोतिबाला आणि उजेड शिल्लक असेल तर नृसिंहवाडीलाही जाऊन येते. पहिल्या सर्व्हिसिंगलाही ती न चुकता जाते, कारण ते फुकट असतं. पुढं मालकाचा आणि गाडीचा संबंध धुण्यापुरता उरतो. धुण्यात मात्र आम्ही हयगय करत नाही. फोमचा फेस, डॅशबोर्डला पॉलिश, टायरला काळी चकाकी. एवढं झालं की गाडी कशी एकदम ओके!

या सगळ्याचा कळस खंडेनवमीला. झेंडूच्या माळा बॉनेटभर, बंपरला ऊस, काचेच्या मधोमध हळद-कुंकवाचं स्वस्तिक. मग चारी चाकांखाली चार लिंबं. गाडी हळूच पुढं घेतली जाते आणि घरातली चार माणसं चार बाजूंनी वाकून बघतात, लिंबू फुटलं का? 'फुटलं!' म्हणून आरोळी होते, पेढे वाटले जातात. नाक टायरपासून वीतभर अंतरावर असताना टायर कुणीच बघत नाही. त्याच्या खाचांमध्ये नीट पाहिलं तर तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायरचं काम संपलं. टायरच्या अंगावर एका लांबोळक्या चौकटीत चार आकडेही असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते सांगणारे. मुलाच्या पत्रिकेतले ग्रह तोंडपाठ असलेल्या माणसाला ही पत्रिका ठाऊक नसते.

हवेचं तर विचारूच नका. पंपावरचा पोरगा विचारतो, "काका, किती मारू?" काका खिडकीतून हात हलवतात, "मार की तुझ्या अंदाजानं." पोराचा अंदाज सगळ्या गाड्यांना एकच. खरा आकडा काकांच्या उजव्या हाताशी, दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पुढच्या चाकांना किती, मागच्यांना किती, गाडी भरलेली असेल तर किती, सगळं लिहिलेलं. तोही टायर थंड असतानाचा. पुण्याहून तापून आलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो, म्हणून काका हवा सोडायला लावतात आणि सकाळी गाडी बसते.

खरं तर खंडेनवमीचा मूळ बेत फार शहाणा होता. शस्त्र बाहेर काढायचं, गंज घासायचा, तेल लावायचं, धार बघायची आणि मग हळद-कुंकू. पूजेआधी निगा होऊन जायची. उद्यमनगरात हा क्रम अजून पाळतात. तिथल्या वर्कशॉपमध्ये लेथ आधी लोखंडाच्या किसातून मोकळा होतो, पुसला जातो, त्याला तेलपाणी होतं, मग हार चढतो. दारात उभ्या असलेल्या मोटारीला मात्र आम्ही थेट हारच घालतो.

दुसऱ्या दिवशी दसरा चौकात याचं उलट उदाहरण बघायला मिळतं. सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची मेबॅक येते. राजाराम महाराजांच्या काळातली, १९३६ सालची, झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणाऱ्या जर्मन कंपनीची. शमीपूजन, मग सोनं लुटायची झुंबड; पण त्याआधी निम्म्या चौकाचे मोबाइल त्या गाडीवर रोखलेले. नव्वदीला आलेली गाडी दिमाखात चौकात येते, ती काही नुसत्या हारांच्या जोरावर नाही. वर्षातून एकदा मिरवणाऱ्या गाडीची एवढी बडदास्त आणि रोज पोरांना शाळेत सोडणाऱ्या गाडीला वर्षातून एक लिंबू, हा हिशोब मला काही पटत नाही.

बरं, चालवण्यातही आमची शास्त्रं वेगळी. जोतिबाचा डोंगर उतरताना गाडी न्यूट्रल करायची, तेल वाचतं, हे आम्हाला कुणी शिकवलं कोण जाणे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य असेल. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतारावर सोडल्या, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचं इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच राहतं. म्हणजे बचत शून्य, आणि गाडी धरून ठेवायचा सगळा भार ब्रेकवर. करूळ घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक असे तापतात की करपल्याचा वास आत येतो आणि पाय दाबावा तेवढी गाडी थांबत नाही. 'ज्या गिअरनं चढायचं त्याच गिअरनं उतरायचं' हे जुने ट्रकवाले सांगतात, ते खरं आहे. मालवणला मासे खायला निघालेल्या मंडळींनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मागच्या सीटवरचा पट्टा हा आणखी एक नाजूक विषय. तो सीटच्या फटीत खोल गेलेला असतो. काढायला गेलं की शेंगदाणे आणि हरवलेली पेनं निघतात. पाहुण्यांना लावायला सांगितलं तर, "आता काय, कळंब्यापर्यंत तर जायचंय!" कायद्यानं तो मागच्यांनाही सक्तीचा आहे आणि दंड १,००० रुपये. पण आमच्याकडं पट्टा न लावणं हा चालवणाऱ्यावरचा विश्वास समजला जातो. चालवणारा भरवशाचा असेलही, समोरून येणाऱ्याचं काय?

आणि समोरून कोण येईल याचा खरा पेपर दसऱ्यानंतरच असतो. थोड्याच दिवसांत गळीत हंगाम सुरू होतो. राधानगरी रोडला, गगनबावडा रोडला रात्री ट्रॅक्टर निघतात. मागं दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, पुढं दणदणीत गाणी. स्पीकर चार, मागचा दिवा एकही नाही, अशी ट्रॉली हमखास भेटते. काहींना रिफ्लेक्टर असतात, तेही चिखलानं लिंपलेले. समोरून एखादा अप्पर लावून आला की डोळे दिपतात आणि तेवढ्या क्षणात आपल्या पुढची ट्रॉली दिसेनाशी होते. अशा वेळी आपणही अप्पर मारून सूड घेण्यात अर्थ नसतो. वेग कमी करून डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवली तर गाडी रस्त्यावर राहते. तेव्हा यंदा हार घालण्याआधी दिवे लावून बघा, काच आतूनही पुसा, वायपरचं रबर बदला, आणि रात्री ऊसवाल्यामागं अडकलात तर पाच मिनिटं उशीर होऊ द्या. घरचे थांबतील जेवायला.