सही जुळत नाही

बाजार चढता असतो तेव्हा पोर्टफोलिओ आपण बांधलेला असतो. पडायला लागला की तो कुणीतरी आपल्या गळ्यात बांधलेला असतो. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत हा ‘कुणीतरी’ दर आठवड्याला बदलत गेला. आधी यूट्यूबवरचा एक दाढीवाला, मग परदेशी गुंतवणूकदार, मग अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि एकदा तर साक्षात मी, कारण फराळाच्या वेळी मी ‘चांगलं आहे’ असं म्हणालो होतो. (मी चकलीला म्हणालो होतो.)

मेहुणा मूळचा सोलापूरचा, नोकरीला ऐरोलीत, आयटीत. शकुन-अपशकुन कडक पाळणारा. पितृपक्षात नवा टॉवेलसुद्धा विकत घेत नाही. पण २०२४ च्या पितृपक्षात बाजाराला ऊत आला होता. २७ सप्टेंबरला सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत जाऊन आला आणि त्याच आठवड्यात मेहुण्याने दोन नवे स्मॉलकॅप फंड घेतले.

“पितृपक्ष आहे ना रे?” मी विचारलं.

“फंडाला लागत नाही, दाजी. ते ऑनलाइन असतं.”

पितर बहुधा ऑनलाइनच होते. ऑक्टोबरात परदेशी संस्थांनी लाख कोटींच्या आसपास शेअर विकले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सहा ते सात मुहूर्ताचे सौदे झाले, तेव्हा सेन्सेक्स ७९ हजारांच्या घरात उतरला होता. पुढे फेब्रुवारी संपेपर्यंत निफ्टी सलग पाच महिने पडली. असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडत होतं. स्मॉलकॅपचा निर्देशांक तर वीस टक्क्यांहून जास्त घसरला. मेहुणा दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा आणि वरणभात कालवताना एका हाताने मोबाइल बघायचा. रविवारी बाजार बंद असतो, हे त्याला सांगायचा धीर मला होत नसे.

“पण मी डायव्हर्सिफाय केलंय,” तो म्हणायचा. “बारा फंड आहेत.”

माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिने बाराही फंडांची माहितीपत्रकं काढली आणि लाल पेन घेऊन बसली. स्मॉलकॅपवाले सोडले तर बाकी सगळ्यांच्या पोटात त्याच दोन खासगी बँका, तीच तेल-टेलिकॉमवाली कंपनी, त्याच दोन सॉफ्टवेअरवाल्या. “तू बारा फंड नाही घेतलेस,” ती म्हणाली. “एकच फंड बारा वेळा घेतलायस.”

“असू दे. वीस टक्के पडलंय, वीस टक्के चढलं की सुटलो.”

“शंभराचे ऐंशी झाले. ऐंशीचे वीस टक्के किती?”

“सोळा.”

“मग झाले शहाण्णव. वरचे चार मी माहेरून आणू?”

माहेर म्हणजे त्याचंच घर, हे त्याच्या लक्षात यायला भाजीची दुसरी वाढ व्हावी लागली. आणि हे वीस टक्क्यांचं. अर्धी रक्कम गेली असेल तर पहिल्या जागी यायला उरलेली दुप्पट व्हावी लागते. बायकोचे नववीतले विद्यार्थीही इथेच अडखळतात, पण त्यांचं डीमॅट खातं नसतं.

आमची सोसायटी घोडबंदर रोडवर. त्या मंदीत तिथे मी एक गोष्ट पाहिली : जे जे अंगठ्याने विकता येत होतं, ते ते लोकांनी विकलं. जे विकायला उठावं लागत होतं, ते शाबूत राहिलं. चौथ्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की म्हणायचे, “शेअरबिअर आपलं काम नाही. फ्लॅट कधी पडत नाही.” पडत नाही, कारण काकांच्या फ्लॅटचा भाव कुणी सेकंदा-सेकंदाला दाखवत नाही. दाखवला असता तर टँकर आल्या आल्या दोन टक्के खाली, मेट्रोचा खांब उभा राहिला की तीन टक्के वर आणि पावसाळ्यात गच्ची गळायला लागली की थेट लोअर सर्किट. शिवाय फ्लॅट विकायचा तर सोसायटीचं ना-हरकत पत्र मागितलं जातं आणि आमचे सेक्रेटरी ते देईपर्यंत कुठलीही मंदी संपते.

सोन्याचंही तेच. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखाला टेकला तेव्हा सांगलीच्या आत्याचा फोन आला. भाव तिला रोज तोंडपाठ. पण पाटल्या विकायच्या म्हणजे सोनार घट धरणार, मजुरी बुडणार, आणि मुख्य म्हणजे हात मोकळे दिसणार. चाळीस वर्षं तिने नुसता भाव विचारला आणि मेहुण्याला मागे टाकलं. पीपीएफबद्दल तर बोलायलाच नको. पंधरा वर्षं कुलूप, एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के, ढिम्म हलत नाही. पीपीएफच्या पासबुकाकडे बघून आजवर कुणाचा रक्तदाब वाढल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्यांचे शिरोमणी आमचे अण्णा. माझे वडील. अण्णा फोर्टात बँकेत होते. सत्तरच्या दशकात ‘फेरा’ कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना इथला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला आणि त्यांचे शेअर मध्यमवर्गाच्या हाती आले. अण्णांनी तेव्हा एका कंपनीचे थोडे घेतले. तरुणपणीची सही होती : पूर्ण नाव, मराठीत, खाली झोकदार रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मग बँकेत रोज शेकडो व्हाउचरवर सह्या करून आधी टिंबं गेली, मग रेघ गेली, मग आडनाव गेलं. निवृत्तीपर्यंत नुसता एक ओरखडा राहिला.

१९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरणाने बाजार आपटला तेव्हा अण्णांनी घाबरून शेअर विकायला काढले. कागद परत आले. बॅड डिलिव्हरी. सही जुळत नाही. अण्णा ब्रोकरवर चिडले, प्रमाणपत्रं गोदरेजच्या कपाटात पिशवीत घालून ठेवली, आणि त्यांच्यावर बोनस जमत गेले.

२००८ च्या जानेवारीत सेन्सेक्सने पहिल्यांदा २१ हजार पाहिले. त्याच महिन्यात दलाल स्ट्रीटवर शेअरबाजाराच्या दारात ब्राँझचा बैल उभा राहिला. शिल्पकार भगवान रामपुरे, सोलापूरचे. मेहुण्याला याचा इतका अभिमान, की बाजार हा सोलापूरचा जोडधंदा असावा असं तो बोलतो. बैल आला आणि बाजार उताराला लागला. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये सेन्सेक्स आठ हजारांच्या आसपास होता. अण्णा पुन्हा पिशवी घेऊन फोर्टात गेले. आता विकण्याआधी कागद डीमॅट करायला हवे होते. अर्ज केला, परत आला. सही जुळत नाही. येताना त्यांनी बैल पाहिला. “एवढं सगळं पडलं, हा मात्र जागचा हलला नाही,” असं घरी येऊन म्हणाले. त्यात कौतुक होतं की राग, ते कळलं नाही.

मग २३ मार्च २०२०. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी कोसळला, तेरा टक्क्यांहून जास्त. मध्ये पाऊण तास बाजारच थांबवावा लागला. अण्णांनी पिशवी काढली. पण २०१९ च्या एप्रिलपासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करताच येत नव्हते, आणि सही साक्षांकित करायला बँकेत जावं तर घराबाहेर पडायची बंदी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सेन्सेक्स जानेवारीतली पातळी ओलांडून गेला.

तीनदा तळाला विकायला निघालेल्या या माणसाला तिन्ही वेळा त्याच्याच सहीने वाचवलं. आज त्या पिशवीची किंमत मेहुण्याच्या बारा फंडांपेक्षा जास्त आहे. अर्थात यावर फार विसंबू नये. त्याच पिशवीत नव्वदच्या दशकातल्या एका सागवान लावणाऱ्या कंपनीचीही प्रमाणपत्रं आहेत. सही त्यांच्यावरचीही जुळत नाही, पण तिथे जुळवून बघायला कंपनीच उरलेली नाही. आणि सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारी निधीत जमा होतात. अण्णा लाभांश मात्र न चुकता बँकेत भरत आले. तिथे सही लागत नसे.

मेहुण्याच्या मंदीकडे परत येऊ. जानेवारी २०२५ मध्ये देशात नव्याने सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद पडलेल्या जास्त निघाल्या. तरी त्या महिन्याचे हप्ते २६ हजार कोटींच्या वरच राहिले. हे अर्थतज्ज्ञांना गुंतवणूकदारांच्या परिपक्वतेचं लक्षण वाटलं. मला वाटतं, यातल्या बऱ्याच जणांना बंद करायचं बटण सापडलं नसावं.

अखेर मार्चमध्ये मेहुण्याने स्वतःच आपल्या मार्गात अडचण उभी करायचं ठरवलं. ॲपचा पिन बदलून ताईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, दिला. पिन विसरलो म्हणून पुन्हा बदलता येतो, हे त्याला ठाऊक होतं. पण ताईला काय सांगायचं, हे ठाऊक नव्हतं.

७ एप्रिलला, अमेरिकेच्या टॅरिफच्या धसक्याने, बाजार उघडतानाच सेन्सेक्स जवळपास चार हजारांनी खाली होता. साडेनऊला मेहुणा दारात.

“ताई, पिन.”

“लेखी अर्ज दे. कारण स्पष्ट लिही.”

त्याने लिहिलं : ‘मार्केट आता परत वर येत नाही.’ तिने लाल पेनाने खाली रेघ मारून शेजारी लिहिलं, ‘गृहीत धरले आहे. सिद्ध करा.’ आणि ती शाळेत निघून गेली. जाताना अर्ज तपासायचे अधिकार अण्णांना देऊन गेली.

त्या दिवशी अण्णा निवृत्तीनंतर पहिल्यांदा काउंटरच्या पलीकडे बसले. दुसरा मसुदा त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला. ‘टॅरिफ’ला मराठी शब्द घाला म्हणाले. तिसऱ्यावर तारीख नव्हती. चौथा घेऊन मेहुणा आला तेव्हा अण्णा जेवून वामकुक्षी घेत होते, आणि बँकेच्या वेळेत कुणाला उठवू नये, असं आई म्हणाली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी अण्णा उठले, चहा घेतला, अर्ज पालथा करून मागचं कोरं पान निरखलं.

“दुसरी प्रत?”

“अण्णा, तीन वाजायला दहा मिनिटं राहिलीत!”

“मग उद्या या,” अण्णा म्हणाले आणि कपाची बशी अर्जावर ठेवली.