495 घरं आणि एक पार्किंग

सॅन फ्रान्सिस्कोत पुरोगामी असणं स्वस्त आहे. महाग आहे ते भाडं. दारादारांत ‘सर्वांचं स्वागत’च्या पाट्या. आलेल्यांनी राहायचं कुठे, ते पाटीवर मावत नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये स्टीव्हन्सन स्ट्रीटवरच्या 495 घरांच्या इमारतीचं प्रकरण तिथल्या नगरमंडळापुढे आलं. जागा कुठली? नॉर्डस्ट्रॉम या बड्या दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायची. कुणाचं छप्पर पाडायचं नव्हतं. काही घरं तर परवडणाऱ्या दरात राखीवही होती. तरी 8 विरुद्ध 3 मतांनी पर्यावरण अहवाल माघारी: भूकंपाचा अभ्यास वाढवा, आसपासचे गरीब विस्थापित होतील का तेही बघा. गरिबांची काळजी इतकी, की त्यांच्यासाठी राखलेली घरंही तिच्यातच अडकली.

(मिशन भागात याआधी घरांच्या आड आलेल्या एका धुलाईच्या दुकानाचं ऐतिहासिक महत्त्वही तपासून झालं होतं. इतिहास स्वच्छ निघाला. वेळ मात्र धुऊन गेला.)

2023 मध्ये नॉर्डस्ट्रॉमनं तिथलं दुकानच बंद केलं. गाड्यांच्या पुनर्वसनासाठी कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.