तहानलेलं नाहीये ते

मृगाच्या सरी आल्या की पुणं सुखावतं. सुखावत नाही ती फक्त सक्युलंटवाल्यांची जमात. घरात भजी तळली जात असताना ही माणसं प्लॅस्टिकचे कागद आणि मोडक्या छत्र्या घेऊन गच्चीवर धावत असतात. वर्षभराचा सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर पाऊस पुण्याचं आभाळ बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतं, आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या एचेव्हेरियाला हा हिशेब मंजूर नसतो. झड लागली की ती बुडातून मऊ पडते. बोट लावावं तर पान हातात येतं.

पण पाऊस निदान वर्षातून एकदाच येतो. घरातली माणसं बारा महिने असतात. आपल्याकडे झाडाला पाणी घालणं ही बागकाम या सदरातली गोष्टच नाही, ते पुण्य आहे. आजींची अंघोळ होते, तुळशीला तांब्या जातो, आणि तळाशी उरलेलं पाणी ओतायचं कुठे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. कठड्यावर हॉवर्थियाची कुंडी असतेच.

‘आजी, तहानलेलं नाहीये ते.’

‘तुला कसं कळलं? बोलतं का ते?’

यावर उत्तर नसतं. शिवाय माती कोरडी ठणठणीत असते, म्हणजे पुरावाही आजींच्याच बाजूने. आजी गावाला गेल्या तर शेजारच्या काकू येतात, त्या नसल्या तर कामवाल्या मावशी. या झाडांना उपेक्षा हवी असते, आणि भरल्या घरात नेमकी तीच मिळणं कठीण.

त्यांचा दिनक्रमही उलटा. इतर झाडं दिवसा पानांवरची रंध्रं उघडून हवा आत घेतात आणि त्यात पाणी घालवून बसतात. सक्युलंट मंडळींपैकी बहुतेक जण दुपारी कडेकोट बंद असतात. ती रात्री गारव्यात रंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दाराआड बसून त्याची साखर करतात. दुपारी एक ते चारचा विनोद पुण्यात इतका जुना झाला आहे की मी तो करणार नाही. झाडं तो रोज करतात, त्याला माझा इलाज नाही.

या रात्रपाळीचा सुगावा भारतातच, तोही चावून, लागला होता. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ दक्षिणेत नोकरीला होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारपर्यंत ती चव जाते, हे त्यांच्या जिभेने टिपलं आणि 1813 मध्ये त्यांनी ते लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्राने कळवलं. मूतखड्यावर म्हणून पानफुटी चावणारे आपल्याकडे आळीआळीत सापडतील. तेच पान दुपारी पुन्हा चावून बघण्याची चिकाटी मात्र हाइनसाहेबांची.

छंद लागतो तो साधारण जानेवारीत. एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं (ते भरवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी 1830 सालची आहे), थंडीने एचेव्हेरियाच्या कडा गुलाबी झालेल्या असतात आणि माणूस ‘एकच घेऊ’ म्हणतो. पुढच्या रविवारी तो सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांमधून फिरत असतो. घरी आल्यावर नर्सरीची लाल माती झटकायची आणि त्या जागी विटांचा चुरा, जाड वाळू, नावाला कोकोपीट घालायचं. बघणाऱ्याला वाटतं, घरात बांधकाम निघालंय. मग नावं पाठ होतात, पिठ्या ढेकूण दिसला की झोप उडते, आणि परक्यांच्या अंगणातल्या जेडकडे बघण्याची नजर बदलते. चोरून आणलेली फांदी हमखास जगते, यावर एरवी सत्यनारायणालाही न बसणाऱ्यांची श्रद्धा असते. जेड तुटक्या फांदीवर एरवीही मुळं धरतं, पण तसं सांगितलं तर चोरीतला आनंद जातो.

गंमत म्हणजे मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका पालथी घालणाऱ्या या संग्रहात पुणे जिल्ह्यातली मानकरीण बहुधा नसते. तिचं नाव शिंदळ माकुडी. जगात ती फक्त महाराष्ट्रात उगवते; शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. तिच्या जवळच्या नातलगांनी पाणी वाचवायला पानं केव्हाच सोडली आणि नुसत्या मांसल दांड्यांवर संसार चालवला. हिने मात्र पावसाळ्यापुरती पानांची हौस ठेवली आहे. फूल तपकिरी-लाल, त्यावर पिवळी नक्षी, आणि वास माश्यांना आवडेल असा.

वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांना ती जुन्नरच्या बाजूला सापडली आणि 1860 च्या दशकात त्यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका केलं. हेच ते फ्रिअर, ज्यांनी गणेशखिंडीत गव्हर्नरसाठी प्रासाद काढला आणि खर्चाने वरिष्ठांचे डोळे पांढरे केले. आता तिथे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. साहेबांचं नाव ज्या झाडाला, त्याला मात्र कातळातली बोटभर फट आणि चिमूटभर माती पुरते. ना छत्री, ना विटांचा चुरा. पावसात पानं, भाद्रपदाच्या आसपास फुलं, उन्हाळ्यात पानं गाळून गप्प.

शिवनेरीवर शिवजन्मस्थान बघून आलेले मागे कड्याकडे सहसा बघत नाहीत, हे तिच्या दृष्टीने बरंच आहे. सक्युलंटवाले बघतात. त्यांनी दुर्बीण न्यावी, फोटोही भरपूर काढावेत. चोरलेल्या फांदीचा नियम तेवढा सोसायटीच्या फाटकापुरताच ठेवावा.