अपप्रचारतज्ज्ञ व्हा, मुकुंदवाडीत राहून!

आधी नेट किंवा सेट काढा. मग काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवा. मानधन कधी जमा होणार याच्या ज्या बातम्या कानावर येतात, त्यांची शहानिशा करण्यात निम्मा अभ्यासक्रम आपोआप उरकतो. उरलेला निम्मा मुकुंदवाडीच्या नळावर. 'उद्या पाणी येणार' हा निरोप मुळात निघाला कुठून, हे जो शोधून काढेल त्याला व्हायवा माफ.

आता शोधनिबंध. विषय परदेशी असला की परीक्षक सरसावून बसतात, म्हणून मॉस्को घ्या. एड्सचा विषाणू अमेरिकेनेच बनवला, ही केजीबीची थाप जुलै 1983 मध्ये आपल्या दिल्लीच्या 'पेट्रियट' दैनिकात निनावी पत्रातून छापून आली. लिहिणारा म्हणे नामवंत अमेरिकन शास्त्रज्ञ! 1985 मध्ये एका सोव्हिएत साप्ताहिकाने याच पत्राचा हवाला देत ती थाप पुन्हा उठवली आणि मग ती जगभर फिरली. कृती वहीत उतरवून घ्या: थाप दुसऱ्याच्या तोंडी घालायची, मग साक्षीला त्यालाच उभं करायचं. (संदर्भसूची फुगवायलाही ही युक्ती वापरतात म्हणे. तुम्ही वापरू नका.)

परिषदांना जा. प्रमाणपत्र जेवणाआधी घ्या, नंतर गर्दी होते.

प्रात्यक्षिकाला परदेशी जायची गरज नाही. 2018 मध्ये एक व्हिडिओ घरोघर फिरला: मोटारसायकलवरचे दोघे गल्लीतलं पोर उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे पोर परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढाच तुकडा कुणीतरी कापला. कापणारा सापडला नाही; पुढे पाठवणारे मात्र आपलेच काका-मामा होते. पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा जोरात असतानाच, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा भारतात जाहीर केली ती त्यानंतर, त्याच महिन्यात.

तेव्हा पदवी हातात पडली की पहिलं व्याख्यान घरच्या ग्रुपवर द्या. मराठीत द्या, आणि आपल्या इंग्रजी निबंधाची लिंक अजिबात टाकू नका. 'अहो काका, हा अर्धाच आहे, पूर्ण बघा' एवढं पुरे. काका रागावून ग्रुप सोडून गेले तर संध्याकाळी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, पुन्हा सांगा. बढतीच्या अर्जात या भेटीला रकाना नाही.